पंधरा गावांचा एक ठराव

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत इतिहासाचे जे एक प्रकरण असते ते बहुधा आपल्याच ज्ञातीचे असते. मूळ गावे, कुळे व कुलदैवते, पूर्वजांची स्थलांतरे, वसतिगृहाचा पाया घालणारे व शिष्यवृत्ती निधीस हात लावणारे दाते, या साऱ्यांची नोंद झालीच पाहिजे. ती आपण न केली तर दुसरे कोण करणार? परंतु यंदा आम्ही ज्ञातिबांधवांस व भगिनींस आपल्या सीमेपलीकडे, थेट उत्तर ध्रुवाच्या शेजारी घेऊन जाणार आहोत. प्रत्येक लहान समाजापुढे केव्हा ना केव्हा उभा राहणारा एक प्रश्न तेथील एका जमातीपुढे उभा राहिला आणि तिने त्यास दिलेले उत्तर आपण सर्वांनी विचारात घ्यावे असे आहे. संख्या थोडी, धन थोडे, राजदरबारी वजन नाही. अशा समाजाने एकत्र बसून एक ठराव केला, तर त्या ठरावाचे मोल काय? ठराव सर्वानुमते संमत होतात आणि इतिवृत्ताच्या वहीत निजून राहतात, हा पुष्कळ संस्थांचा अनुभव आहे. ग्विचिन नामक जमातीने १९८८ साली केलेला ठराव मात्र निजला नाही. त्याची हकीकत हाच या लेखाचा विषय होय.

भूमी, कळप आणि माणसे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी अलास्का हा प्रदेश १८६७ साली रशियाकडून ७२ लक्ष डॉलरांस विकत घेतला. त्या खरेदीत तेथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांस कोणी विचारले नाही, हे सांगावयास नकोच. या प्रदेशाच्या उत्तर भागात ब्रुक्स नावाची पर्वतरांग पूर्वपश्चिम पसरली आहे. तिच्या उत्तर पायथ्यापासून गोठलेल्या समुद्रापर्यंत एक सपाट पट्टा आहे. लांबी सुमारे १०० मैल आणि क्षेत्र सुमारे १५ लक्ष एकर. वृक्ष नाहीत. जमीन खाली कायमची गोठलेली, वर उन्हाळ्यापुरता शेवाळाचा व गवताचा पातळ थर. नकाशावर पाहणाऱ्यास हे माळरान ओसाड वाटेल. याच पट्ट्यावर पुढे जवळजवळ अर्धे शतक वाद चालला.

पर्वताच्या दक्षिणेस, अलास्कात व त्यास लागून असलेल्या कॅनडात, ग्विचिन लोकांची सुमारे पंधरा गावे विखुरलेली आहेत. एकंदर लोकसंख्या सात ते नऊ हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या खेड्याइतकी. आर्क्टिक व्हिलेज, व्हेनिटाय, फोर्ट युकॉन ही अलास्कातील गावे. ओल्ड क्रो हे कॅनडातील. यांतील काही गावांस सडक नाही. बाहेरून यावयाचे तर विमानानेच. १८६७ च्या खरेदीपूर्वीच रशिया व इंग्लंड यांनी आखलेली सरहद्द या जमातीच्या मधून गेली आणि एकाच आजीची नातवंडे दोन राष्ट्रांची प्रजा झाली.

या लोकांचे जीवन कॅरिबू नामक हरिणवर्गीय प्राण्यावर चालते. त्याचे मांस हे अन्न, कातडे हे वस्त्र व पादत्राण, स्नायूंचे तंतू हा दोरा, हाडे व शिंगे ही हत्यारे. त्याच्याच नावाने त्यांची गाणी व नृत्ये. आरंभीच्या काळी मनुष्य आणि कॅरिबू एक होते. पुढे वेगळे झाले तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याच्या हृदयाचा एक अंश आपल्यापाशी ठेवून घेतला, अशी त्यांची पारंपरिक कथा आहे. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या आपल्या समाजास अशा कथेचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

पोर्क्युपाइन नदीवरून नाव पडलेला या कॅरिबूंचा कळप दीड-दोन लक्षांच्या घरातील आहे. १९८९ च्या गणनेत १ लक्ष ७८ हजार, २००१ साली १ लक्ष २३ हजार व २०१७ साली २ लक्ष १८ हजार अशी त्याची संख्या मोजली गेली. हिवाळा तो दक्षिणेच्या अरण्यात काढतो. वसंत लागताच गाभण माद्या पुढे होऊन बर्फातून, नद्यांतून, डोंगर ओलांडून उत्तरेच्या त्या सपाट पट्ट्याकडे निघतात. मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या आरंभी तेथे वासरे जन्मतात. मादीस वर्षाला एकच वासरू होते. जागेची निवड उगीच झालेली नाही. त्याच सुमारास तेथे कोवळे, पौष्टिक गवत फुटते. डोंगरातील लांडगे व अस्वले तेथे कमी. आणि समुद्राचा वारा डासांच्या थव्यांस दूर ठेवतो. विणीच्या त्या चार-सहा आठवड्यांत गडबड झाली तर त्या वर्षीच्या वासरांचा काय भरवसा?

म्हणूनच ग्विचिन लोक या पट्ट्यास आपल्या भाषेत 'जेथे जीवनाचा आरंभ होतो ते पवित्र स्थान' म्हणतात. उपासमारीच्या वर्षीही आमच्या वाडवडिलांनी तेथे शिकारीस पाऊल ठेवले नाही, असे त्यांची वृद्ध माणसे सांगतात. आपल्याकडे देवराईतील वाळले लाकूडही घरी न नेणारी गावे होती व काही अद्याप आहेत. निषेध आतून आलेला असला म्हणजे पहारेकऱ्याची गरज पडत नाही, हे दोन्ही ठिकाणी सारखेच.

तेलाचा शोध व भूमीची निवड

१९५६ च्या उन्हाळ्यात ओलस म्युरी व त्यांच्या पत्नी मार्गारेट म्युरी हे निसर्गाभ्यासक दांपत्य ब्रुक्स पर्वताच्या दक्षिण उतारावरील शीनजेक नदीच्या खोऱ्यात राहून आले. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीचे फळ म्हणून ६ डिसेंबर १९६० रोजी, अध्यक्ष आयझेनहोवर यांच्या कारकिर्दीत, सुमारे ८९ लक्ष एकर प्रदेश वन्यजीवांसाठी राखून ठेवण्यात आला. तो किनारपट्टाही त्यात आला. हा निर्णय करतानाही तेथील रहिवाशांची संमती कोणी घेतली नव्हती. परंतु त्यामुळे पुढील संकटापूर्वी भूमीभोवती एक कुंपण पडले खरे.

संकट १९६८ साली आले. राखीव प्रदेशाच्या पश्चिमेस साठ-एक मैलांवर, प्रूडो बे येथे, उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठा तेलसाठा सापडला. तेल वाहून न्यावयाचे तर नळ घातला पाहिजे, आणि नळ घालावयाचा तर वाटेतील जमीन कोणाची हे आधी ठरले पाहिजे. शंभर वर्षे अनिर्णीत राहिलेला मूळ रहिवाशांच्या हक्कांचा प्रश्न त्यामुळे तीन वर्षांत निकालात निघाला. डिसेंबर १९७१ च्या कायद्यान्वये त्यांस ४ कोटी ४० लक्ष एकर जमीन व ९६ कोटी २५ लक्ष डॉलर देण्याचे ठरले. मोबदल्यात उर्वरित प्रदेशावरील त्यांचे परंपरागत हक्क संपुष्टात आले. जमीन व पैसा जमातींच्या हाती न देता नव्याने काढलेल्या व्यापारी मंडळ्यांच्या हाती देण्यात आला आणि जमातीचा मनुष्य भागधारक झाला.

या ठिकाणी आर्क्टिक व्हिलेज व व्हेनिटाय या दोन गावांनी जो निर्णय घेतला त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. कायद्यात एक पर्याय ठेवलेला होता. ज्यांस पूर्वीपासून राखीव जमीन होती त्यांनी रोख रकमेतील वाटा सोडल्यास त्या संपूर्ण जमिनीची मालकी त्यांस मिळावयाची होती. या दोन गावांनी रोख रक्कम सोडली व सुमारे १८ लक्ष एकर भूमी घेतली. घरात शिधा नाही, हाताला मजुरी नाही, अशा गावांनी पैसा दारी आलेला असता तो परत पाठविणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. वडिलोपार्जित वावर विकून शहरात खोली घेतलेली व पुढे दोन्हींस मुकलेली कुटुंबे कोणत्या ज्ञातीत नाहीत? या निर्णयाचे मोल त्यांस कळेल.

तेलाचा नळ बांधून पूर्ण झाला व जून १९७७ मध्ये त्यातून तेल वाहू लागले. लांबी ८०० मैल. त्यातील निम्म्याहून अधिक नळ गोठलेली जमीन वितळू नये म्हणून खांबांवर उचललेला. पुढे २ डिसेंबर १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने राखीव प्रदेश सुमारे १ कोटी ९० लक्ष एकरांपर्यंत वाढविला. परंतु त्याच कायद्याच्या १००२ व्या कलमाने किनाऱ्यावरील १५ लक्ष एकरांचा निर्णय अधांतरी ठेवला. तेथे तेल आहे काय याची पाहणी करावी. मात्र प्रतिनिधिगृहांनी स्वतंत्र कायदा केल्यावाचून ते काढू नये, असे ठरले. अंतःकरण जपले आणि त्याचेच दार उघडे ठेवले, असा हा प्रकार झाला.

कॅनडातील एक न्यायाधीश

याच सुमारास सरहद्दीच्या पलीकडे एक वेगळी रीत घडत होती. मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून वायूचा नळ न्यावा की नाही याची चौकशी करण्यासाठी कॅनडाच्या शासनाने १९७४ साली न्यायमूर्ती टॉमस बर्जर यांची नेमणूक केली. बर्जर राजधानीत बसून राहिले नाहीत. सुमारे ३५ गावांत व वस्त्यांत ते स्वतः गेले आणि जवळजवळ हजार लोकांच्या साक्षी त्यांनी घेतल्या. म्हातारी शिकारी माणसे, घरधनिणी, शाळकरी पोरे, ज्यास जे सांगावयाचे ते त्याने आपल्या भाषेत सांगावे. दुभाष्याने ते उतरवून द्यावे. आणि दिवसभराच्या साक्षींचा सारांश नभोवाणीवरून लोकांच्याच भाषांत पुन्हा लोकांस ऐकवावा, अशी व्यवस्था होती. एका अर्थी ही शासकीय चौकशी नव्हतीच. ती गावोगावची चावडी होती.

१९७७ साली बर्जर यांनी अहवाल दिला. उत्तर युकॉनमधून, म्हणजे कळपाच्या कॅनडातील भूमीतून, नळ कधीही नेऊ नये. आणि मॅकेन्झी खोऱ्यातील काम दहा वर्षे तहकूब ठेवून आधी तेथील लोकांच्या भूमिहक्कांचा निकाल करावा, असे त्यांनी सांगितले. उत्तर युकॉनमधून नळ गेला नाही. १९८४ साली तेथे इव्वाविक व १९९५ साली वुन्टुट ही राष्ट्रीय उद्याने झाली. दोन्ही तेथील मूळ रहिवाशांशी झालेल्या करारांतून जन्मास आली. याप्रमाणे कळपाचे पूर्वेकडील घर सुरक्षित झाले. पश्चिमेकडील, म्हणजे अलास्कातील, दार मात्र उघडेच होते.

१९८८ ची सभा

१९८७ साली अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने आपला अहवाल प्रतिनिधिगृहांपुढे ठेवला. संपूर्ण १५ लक्ष एकरांचा पट्टा तेलासाठी खुला करावा अशी त्यात शिफारस होती. हे वृत्त गावोगाव पोहोचले तेव्हा वृद्ध मंडळींनी सर्व ग्विचिन गावांस आमंत्रण धाडले. दोन्ही देशांतील ग्विचिन लोक एके ठिकाणी जमले नव्हते त्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला होता. जून १९८८ मध्ये आर्क्टिक व्हिलेज या लहानशा गावी ती सभा भरली. कोणी विमानाने आले, कोणी नावेने. शतकभरात ज्यांची परस्परांशी गाठ पडली नव्हती अशा घराण्यांची माणसे तेथे भेटली, आणि एकमेकांचे नाते काय ते वृद्धांकडून त्यांस कळले. आपल्या संमेलनांत जेवणाच्या पंगतीवर जे घडते तेच तेथेही घडले, असे म्हणावयास हरकत नाही.

सभेने एकमुखाने ठराव केला. कळप जेथे वितो व विल्यानंतर जेथे राहतो त्या भूमीत तेलाचे काम होऊ नये. तो भाग कायमचा राखीव व्हावा. आणि ग्विचिन लोकांस आपल्या रीतीने जगण्याचा जो हक्क आहे तो अमेरिकेच्या अध्यक्षांनी व प्रतिनिधिगृहांनी मान्य करावा. ठरावास आधार घेतला तो मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांतील पहिल्या कलमाचा: कोणत्याही जनसमूहाचे निर्वाहसाधन हिरावून घेता येणार नाही. रानात राहणाऱ्या लोकांनी जगाच्या कायद्यातील नेमके वाक्य शोधून काढावे, यात त्यांची दूरदृष्टी दिसते.

ठराव करून सभा उठली नाही. त्याची अंमलबजावणी करण्यासाठी दोन्ही देशांतील गावांच्या प्रतिनिधींची एक समिती नेमली गेली. आर्क्टिक व्हिलेजच्या सारा जेम्स, फोर्ट युकॉनचे जोनाथन सॉलोमन व ओल्ड क्रोच्या नॉर्मा कासी यांची नावे या कार्यात पुढे आली. वृद्धांनी समितीस तीन आज्ञा दिल्या, असे सारा जेम्स आपल्या भाषणांतून सांगत: जगास जाऊन सांगा, चांगल्या रीतीने सांगा, आणि या गोष्टीत तडजोड करू नका. दर दोन वर्षांनी पुन्हा सभा भरवावी, ठराव पुन्हा वाचावा आणि नव्या पिढीने तो पुन्हा संमत करावा, असाही प्रघात पडला. आमच्या मते त्या ठरावाचे खरे बळ या पुनर्वाचनात आहे. एकदा संमत झालेला ठराव हा कागद होय. दर दोन वर्षांनी संमत होणारा ठराव हे व्रत होय.

तेल काढण्याचे परिणाम

तेल काढण्याची विहीर तेवढी लहानशी. मग एवढा आक्षेप का, असे कोणी विचारील. विहिरीच्या आधी व नंतर काय काय येते ते पाहिले पाहिजे. प्रथम भूगर्भाची पाहणी. १९८४ व १९८५ च्या हिवाळ्यांत या पट्ट्यावरून पाहणीची जड वाहने फिरली. त्यांच्या वाटा सुमारे २,५०० मैलांच्या झाल्या. वरचा शेवाळाचा थर दबला की खालचे बर्फ वितळते, जमीन खचते, पाणी साचते. त्या चाकोऱ्यांपैकी काही पंचवीस वर्षांनंतरही दिसत होत्या. त्यामागून खडीच्या सडका, धावपट्ट्या, नळ, कामगारांच्या वसाहती. पश्चिमेकडील तेलक्षेत्रांत मध्य आर्क्टिक नावाचा दुसरा कळप आहे. तेथील माद्या वासरे लहान असेतोवर सडकांपासून काही मैल दूर राहतात असे शास्त्रज्ञांस आढळले. तेथे मैदान रुंद आहे; माद्यांस सरकावयास जागा मिळाली. ग्विचिनांच्या कळपाचा पट्टा मात्र पर्वत व समुद्र यांमध्ये अरुंद आहे. सरकावयाचे तर लांडग्या-अस्वलांच्या डोंगरात.

गळतीचे भयही काल्पनिक नव्हते. मार्च १९८९ मध्ये हा पट्टा खुला करण्याचे विधेयक वरिष्ठ गृहाच्या समितीने संमत केले. पुढच्याच आठवड्यात, २४ मार्च रोजी, 'एक्झॉन व्हॅल्डीझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर खडकास लागले व सुमारे १ कोटी १० लक्ष गॅलन तेल समुद्रात गेले. सुमारे १,३०० मैलांचा किनारा काळा झाला. विधेयक तेथेच थांबले. २००६ साली प्रूडो बे येथील गंजलेल्या नळातून दोन लक्ष गॅलनांहून अधिक तेल बर्फावर गळाले, तेव्हा जपून काम करण्याच्या आश्वासनांची किंमत लोकांस पुन्हा कळून आली.

दुसरी बाजू

इतिहास लिहिणाऱ्याने एकाच पक्षाची वकिली करू नये. त्या किनाऱ्यावर काक्टोविक नावाचे अडीच-तीनशे वस्तीचे गाव आहे. तेथील इनुपियात लोक देवमासा मारून व शिकार करून राहतात. १९४७ पासून पुढे लष्करी कामांसाठी त्यांचे गाव तीन वेळा हलविण्यात आले. तेलाचा पैसा येण्यापूर्वी त्या भागातील मुलांस पुढील शिक्षणासाठी घर सोडून शेकडो मैल जावे लागे. १९७२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या स्थानिक शासनाने तेलकंपन्यांवर कर बसविला आणि त्यातून शाळा, दवाखाना, नळाचे पाणी ही सुखे आली. म्हणून काक्टोविकमधील पुष्कळ लोक म्हणतात की, आमच्या अंगणात काय व्हावे ते आम्ही ठरवू. या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? तथापि त्या गावातही तेलास विरोध करणारे आहेत, आणि ग्विचिनांतही मजुरीच्या आशेने तेलाकडे पाहणारे असतील. १९८० च्या दशकाच्या आरंभी ग्विचिन गावांनी स्वतःच्या जमिनीवर तेलशोधाचा करार केला होता, याची आठवण प्रतिपक्ष वारंवार देतो. त्यावर त्यांचे उत्तर असे की, आम्ही तेलाचे वैरी नाही. आम्ही त्या एका जागेचे राखणदार आहोत.

अलास्का राज्याचा लोभही समजण्यासारखा आहे. तेलाच्या उत्पन्नातून १९७६ साली स्थापिलेल्या कायम निधीतून १९८२ पासून प्रत्येक रहिवाशास दरवर्षी रोख लाभांश मिळतो. घरोघरी पैसा पोहोचला म्हणजे विरोध करणारा शेजाऱ्याचाही वैरी ठरतो. अशा वातावरणात सात-नऊ हजारांच्या जमातीने आपला शब्द सोडला नाही.

राजधानीतील लढा

१९९१ साली वरिष्ठ गृहात विरोधकांनी विधेयक अडवून धरले. १९९५ साली अर्थसंकल्पातून तोच हेतू साधण्याचा यत्न झाला. अध्यक्ष क्लिंटन यांनी सही नाकारली. १९९८ च्या शासकीय पाहणीत त्या प्रदेशात काढता येण्याजोगे सुमारे १० अब्ज पिंपे तेल असावे असा अंदाज निघाला, तेव्हा मागणीस अधिकच जोर चढला. या सर्व वर्षांत ग्विचिन प्रतिनिधी विमानाचे भाडे वर्गणीतून उभे करून देशभर हिंडले. शाळांत, चर्चांत, प्रतिनिधींच्या कचेऱ्यांत आपली कथा सांगत राहिले. २००२ साली पर्यावरणकार्यासाठी दिला जाणारा गोल्डमन पुरस्कार जेम्स, सॉलोमन व कासी या तिघांस मिळून देण्यात आला.

या लढ्यात एका भारतीयाचाही हात लागला आहे, हे वाचकांस वाचून आनंद होईल. बंगालात जन्मलेले शुभंकर बॅनर्जी नोकरी सोडून २००१ व २००२ साली सुमारे चौदा महिने त्या राखीव प्रदेशात हिंडले व चारही ऋतूंची छायाचित्रे घेऊन आले. हिवाळ्यात तेथे काहीच नसते, ती नुसती पांढरी पोकळी आहे, असे तेलाचे पुरस्कर्ते म्हणत असत. त्यास ती छायाचित्रे हेच उत्तर होते. मार्च २००३ मध्ये सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी बॅनर्जींचे पुस्तक हाती धरून वरिष्ठ गृहात भाषण केले. ५२ विरुद्ध ४८ मतांनी तेलाची तरतूद वगळली गेली. पुढे वॉशिंग्टनमधील स्मिथ्सोनियन संग्रहालयातील त्यांचे प्रदर्शन खालच्या मजल्यावरील आडबाजूच्या दालनात हलविले गेले व चित्रांखालील मजकूर कापला गेला; त्यावरून बराच गाजावाजा झाला. डिसेंबर २००५ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकास जोडून पुन्हा यत्न झाला. चर्चा संपविण्यास ६० मते हवी होती, ५६ पडली.

२०१७ साली मात्र दार उघडले. डिसेंबरमधील करविषयक कायद्यात एक कलम घालून या पट्ट्यातील जमिनीचे दोन लिलाव सक्तीचे करण्यात आले. केंद्राच्या तिजोरीत शंभर कोटी डॉलरांची भर पडेल असा हिशोब मांडला होता. लढ्याने दुसरी वाट धरली. ग्विचिन प्रतिनिधी आता सावकारांच्या दारी गेले. तेलकंपन्या कर्जावाचून काम करीत नाहीत. तेव्हा कर्ज देणाऱ्यांसच आपली गोष्ट सांगावी, हा विचार. डिसेंबर २०१९ ते डिसेंबर २०२० या एका वर्षात अमेरिकेतील सहाही मोठ्या बँकांनी आर्क्टिकमधील तेलाच्या नव्या कामांस पैसा न देण्याचे जाहीर केले. ६ जानेवारी २०२१ रोजी पहिला लिलाव झाला तेव्हा एकही मोठी तेलकंपनी आली नाही. मुख्य बोली लावली ती अलास्का राज्याच्याच एका महामंडळाने, आणि एकूण रक्कम भरली अवघी १ कोटी ४४ लक्ष डॉलर. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही.

येथे कथा सुखान्त झाली असे लिहिता आले असते तर आम्हांस आनंदच झाला असता. परंतु शासनाने २०२३ साली रद्द केलेले पट्टे बेकायदा रद्द केले असा निकाल मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने दिला; जुलै २०२५ च्या कायद्याने दहा वर्षांत आणखी चार लिलाव सक्तीचे केले; आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण किनारपट्टा लिलावासाठी खुला करण्याचा निर्णय जाहीर झाला. तरीही ही गोष्ट विसरता येत नाही की, १९८७ साली शिफारस झालेले काम २०२५ साल संपेपर्यंत सुरू झाले नव्हते, आणि कळप त्याच भूमीवर वीत होता. अडतीस वासरांच्या पिढ्या जन्मल्या. ठरावाचे मोल कोणास मोजावयाचेच असेल तर त्याने या मापाने मोजावे.

आपणांस बोध

तेल आपणांस परके नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेलाची विहीर लावली तेव्हा साऱ्या महाराष्ट्रास अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. आपल्या चुली, आपली वाहने, संमेलनास येणाऱ्या बसगाड्या त्यावरच चालतात. म्हणून तेलास शिव्या देणे हा या लेखाचा हेतू नाही. काढावे की न काढावे याआधी कोठे काढू नये हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देताना तेथे राहणाऱ्यांस शेवटी नव्हे, आधी विचारले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

परंतु ज्ञातिसंस्थेच्या दृष्टीने याहून जवळचे असे काही या इतिहासात आहे. ग्विचिनांनी मागणी एकच ठेवली. दहा मागण्या करणाऱ्यास दोन देऊन वाटेस लावता येते. एकच मागणी करणाऱ्यास तसे करता येत नाही. गावोगावच्या पुढाऱ्यांनी स्वतंत्र बोलणी केली नाहीत. समितीने सभेचा शब्द बोलला. वृद्धांनी दिशा दिली व पायपीट तरुणांनी केली. स्त्रियांस सभेत नुसते हळदीकुंकवापुरते स्थान नव्हते. समाजाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांस होता. आणि विजय झाला तेव्हाही त्यांनी सभा बंद केली नाही, पराभव झाला तेव्हाही नाही.

आपल्याही मंडळापुढे राखण्याजोगे काही ना काही असतेच. कोणाची गावठाणाची जमीन, कोणाचे जुने तळे, कोणाची देवराई, कोणाचे वसतिगृह. प्रत्येक कुटुंबाने या वर्षी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसून एवढे तरी विचारावे की, आपल्या गावाकडचे विकू नये असे काय आहे? त्याची यादी मंडळाकडे धाडावी. पुढील वार्षिक सभेत ती वाचली जावी, त्यापुढील सभेत पुन्हा वाचली जावी. एवढे झाले तरी दूरच्या त्या पंधरा गावांपासून आपण काही घेतले असे होईल.

त्या लोकांस यश येवो, आणि आपल्या ज्ञातीस आपले राखण्याजोगे ओळखण्याची बुद्धी होवो, एवढी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतो.